गरिबाच्या हाती थेट पैसा : घरात नेमके काय बदलते?

गरिबाला धान्य द्यावे, औषध द्यावे, शिलाई यंत्र किंवा शेळी द्यावी. पण रोख पैसा देऊ नये, असे मानणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. हातात पैसा पडला की तो गुत्त्यावर जातो, लग्नकार्यात उडतो आणि माणसाला आयते खाण्याची सवय लागते, हा समज चहाच्या टपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. दुसऱ्या टोकाला, खात्यात पैसे जमा केले की गरिबी आपोआप हटेल, असे सांगणारेही आता पुष्कळ झाले आहेत. या दोन्ही समजांची कसोटी लावून पाहण्याचे काम गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी झाले. त्यातही पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशाच्या एका ग्रामीण जिल्ह्यात हा प्रश्न जितक्या बारकाईने तपासला गेला, तितका क्वचितच अन्यत्र तपासला गेला असेल. तेथील निष्कर्ष महाराष्ट्रालाही विचार करायला लावणारे आहेत.

मेक्सिकोतून झालेली सुरुवात

थेट रोख मदतीचा मोठ्या प्रमाणावरील पहिला पद्धतशीर प्रयोग १९९७ मध्ये मेक्सिकोत सुरू झाला. ‘प्रोग्रेसा’ या योजनेत खेड्यांतील गरीब कुटुंबांना, प्रामुख्याने आईच्या हाती, ठरावीक रक्कम दिली जाई. मुलांनी शाळेत नियमित जावे आणि कुटुंबाने आरोग्य केंद्रात वेळोवेळी तपासणी करून घ्यावी, या तिच्या अटी होत्या. अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही हे या योजनेचे प्रमुख शिल्पकार. सगळ्या गावांत एकदम योजना नेणे शक्य नव्हते. त्यामुळे मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांत ती आधी आणि १८६ गावांत नंतर सुरू करण्यात आली. या अंतरामुळे मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या गावांची प्रामाणिक तुलना करता आली.

मुलींचे माध्यमिक शाळेत जाण्याचे प्रमाण वाढले, हा या योजनेचा गाजलेला परिणाम. पुढे आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मिळालेल्या दर १०० पेसोंपैकी सुमारे ७४ पेसो कुटुंबे रोजच्या गरजांवर खर्च करीत होती आणि उरलेले जनावरे, शेती किंवा लहान धंद्यात घालत होती. सरकारे बदलली, तशी योजनेची नावेही ‘ओपोर्तुनिदादेस’ आणि ‘प्रोस्पेरा’ अशी बदलत गेली आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. मात्र तोपर्यंत अनेक देशांनी तिचे अनुकरण केले होते. ब्राझीलची २००३ मधील ‘बोल्सा फामिलिया’ हे त्यातील सर्वांत ठळक उदाहरण.

या योजनांना अटी होत्या. त्यानंतर अभ्यासकांपुढे पुढचा प्रश्न आला. अट घातलीच नाही तर? गरीब माणसाला ‘हे पैसे तुझे, हवे तसे वापर’ असे सांगितले तर तो काय करील?

सियायाची गावे

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात केनियाच्या पश्चिमेकडील सियाया या भागाचा मोठा वाटा आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा हा मुलूख. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांच्या वडिलांचे गाव कोगेलो याच जिल्ह्यातले. वस्ती प्रामुख्याने लुओ समाजाची, पीक मुख्यतः मक्याचे आणि हिवताप पाचवीला पुजलेला. मातीच्या भिंती आणि गवताने शाकारलेली छपरे ही येथील गरीब घरांची ओळख.

हार्वर्ड आणि एमआयटी येथे शिकणाऱ्या काही तरुण अर्थशास्त्रज्ञांनी स्थापन केलेली ‘गिव्हडायरेक्टली’ ही संस्था देणगीदारांकडून आलेला पैसा थेट अशा घरांपर्यंत पोहोचवू लागली. संस्थेचा निकष साधा होता. घरावर पत्रा असेल तर मदत नाही. गवत असेल तर ते कुटुंब पात्र. उत्पन्नाचा दाखला नाही, तलाठ्यासारख्या कोणा अधिकाऱ्याचा शिक्का नाही. कार्यकर्त्यांनी घर पाहायचे, दुसऱ्यांनी येऊन त्याची खातरजमा करायची आणि मोबाइलवर पैसे पाठवायचे.

हे शक्य झाले ‘एम-पेसा’मुळे. केनियात २००७ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत बँकेच्या खात्याशिवाय साध्या मोबाइल फोनवरून पैसे पाठवता व स्वीकारता येतात आणि बाजारपेठेतल्या टपरीवरील प्रतिनिधीकडून रोख रक्कम मिळते. स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ म्हणजे पैसा. हा शब्द आपल्या ‘पैशा’वरूनच गेला असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत भारतीय रुपयाचेच चलन होते, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही.

छप्पर, गाय आणि दोन वेळचे जेवण

सियायातील रारिएडा भागात २०११ ते २०१३ या काळात योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी या मदतीचा अभ्यास केला. शपिरो हे संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. मदत कोणाला मिळणार, हे सोडतीने ठरले. पैसे कधी पत्नीच्या, तर कधी पतीच्या नावावर गेले. काहींना रक्कम एकदम मिळाली, काहींना दरमहा हप्त्याने. काहींना सुमारे ३०० डॉलर मिळाले, तर काहींना सुमारे १,१०० डॉलर. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मदत मिळालेल्या कुटुंबांचा मासिक खर्च तुलनेच्या कुटुंबांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक होता. घरातील चीजवस्तू आणि जनावरांचे एकूण मोल निम्म्याहून अधिक वाढले होते. गाईगुरे आली आणि पुष्कळ घरांवरचे गवत जाऊन पत्रा आला. शहरी नजरेला पत्रा ही हौस वाटेल. पण गवताचे छप्पर वारंवार शाकारावे लागते, त्यासाठी गवत आणि मजुरी लागते आणि एवढे करूनही पावसात ते गळतेच. पत्रा एकदा चढला की तो खर्च कायमचा वाचतो. ज्याला आपण चैन समजतो, ती गरिबाच्या हिशेबात बचत असते.

पैसा कसा मिळाला, यावर त्याचा उपयोग ठरत असल्याचेही दिसून आले. दरमहा पैसे मिळणाऱ्या घरांत खाण्यापिण्याची ओढाताण कमी झाली. एकरकमी पैसे मिळालेल्यांनी मोठ्या वस्तू घेतल्या. पती किंवा पत्नी यांपैकी कोणाच्या हाती पैसा गेला, यामुळे खर्चाच्या स्वरूपात मात्र फारसा फरक पडला नाही. बाईच्या हाती दिलेला पैसाच काय तो सत्कारणी लागतो, या रूढ समजाला हा निष्कर्ष छेद देणारा ठरला. घरातील मारहाण कमी झाली, ती पैसा कोणाच्याही नावावर आला तरी कमी झाली, असे याच कुटुंबांच्या पुढील अभ्यासात नोंदवले गेले. लैंगिक जबरदस्ती मात्र पैसा पत्नीच्या नावावर आला तेथेच घटलेली दिसली.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आरोग्य आणि शिक्षण यांत त्या अल्प काळात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. तीन वर्षांनी पुन्हा केलेल्या पाहणीत मदत मिळालेल्या घरांची मालमत्ता दूरच्या गावांतील घरांच्या तुलनेत अजूनही अधिक होती. पण खर्चातील वाढीसारख्या अन्य लाभांबाबत तितक्या ठामपणे बोलता येत नव्हते. मदतीने घर सावरते. पण एकदा दिलेल्या रकमेवर ते कायमचे वर येते, असा दावा त्या आकड्यांवरून करता येत नाही.

दारूचे काय?

हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो, म्हणून त्याचा स्वतंत्र अभ्यासही झाला. जागतिक बँकेशी संबंधित डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी निरनिराळ्या खंडांतील १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू आणि तंबाखूवरील खर्च वाढत नाही. उलट काही ठिकाणी तो किंचित घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सियायातही मद्य आणि तंबाखूवरील खर्चात वाढ आढळली नाही.

याचा अर्थ गरीब माणूस दारू पीतच नाही असा नव्हे. पिणारा मजुरीच्या पैशातून आधीही पीत असतो. नव्याने आलेला पैसा मात्र कुटुंबाच्या डोळ्यांसमोर येतो. त्याचे काय करायचे, यावर घरात बोलणे होते आणि आधी उसनवारी, छप्पर, बियाणे, फी यांची आठवण होते. मदत केवळ बायकांनाच मिळाली तेथेच असे घडले, असेही नाही.

शेजाऱ्याच्या पदरात काय पडले?

गावातील एकतृतीयांश घरांना मोठी रक्कम मिळाली आणि उरलेल्यांना काहीच मिळाले नाही, तर वस्तूंचे भाव वाढतील आणि ज्यांना मदत नाही ते अधिकच भरडले जातील, ही भीती रास्त होती. ती तपासण्यासाठी २०१४ पासून सियायातच एक फार मोठा प्रयोग झाला. डेनिस एगर, हाउसहोफर, एडवर्ड मिगेल, पॉल नीहाउस आणि मायकेल वॉकर हे त्याचे अभ्यासक. प्रयोगात ६५३ गावे होती. सोडतीने निवडलेल्या गावांतील साडेदहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण ६५ हजार रुपये, हप्त्यांनी देण्यात आले. त्या भागाच्या वार्षिक उत्पन्नाच्या १५ टक्क्यांहून अधिक भरणारी ही रक्कम होती.

या प्रयोगाचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञांनाही चकित करणारे होते. महागाई नगण्य वाढली. ज्यांना छदामही मिळाला नव्हता, त्यांचाही खर्च मदत मिळालेल्यांच्या बरोबरीने वाढला होता. बाहेरून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल निर्माण झाली.

हे कसे घडले असावे, ते समजण्यासाठी गावची पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणावी. गरीब गावात गिरणी असते, गिरणीवाला असतो. पण दिवसाचा बराच वेळ गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात जातो. लोकांच्या हाती पैसा आला की तीच गिरणी, तोच माणूस आणि तेच यंत्र जास्त दळण दळू लागते. किराणा दुकानाचेही तसेच. माल विकण्याची ताकद आधीच असते, घेणाऱ्याची ऐपत नसते. म्हणून मागणी वाढली तरी भाव भडकत नाहीत आणि पैसा एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतो.

मात्र हे सगळीकडे असेच घडेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. फिलिपिन्समधील अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. दुर्गम गावांत बहुसंख्य कुटुंबांना रोख मदत मिळू लागल्यावर अंडी, मासे यांसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव चढले आणि मदत न मिळालेल्या घरांतील लहान मुलांची वाढ खुंटली. बाजाराशी रस्त्याने जोडलेले गाव आणि डोंगरातली वाट तुडवत गाठायचे गाव यांत असा फरक पडतो.

वाचलेली बाळे

सियायाच्या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष २०२५ मध्ये पुढे आला. अभ्यासकांनी त्या गावांतील एक लाखाहून अधिक जन्मांची माहिती गोळा केली. मदत मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण ४८ टक्क्यांनी आणि पाच वर्षांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यातून दिसून आले. सर्वांत गरीब घरांत ही घट अधिक होती. देणगी म्हणून पाठवलेल्या पैशाने बाळांचे प्राण वाचवले, असे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे अभ्यास विरळाच.

पैशाने बाळ कसे वाचते, याचे उत्तरही अभ्यासात सापडते. मदत मिळालेल्या घरांत रुग्णालयातील बाळंतपणे ४५ टक्क्यांनी वाढली. वाहनाचे भाडे आणि दवाखान्याचा खर्च या दोन गोष्टींवाचून जे अडले होते, ते सुटले. बाळंतपणाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने मिळून स्त्रियांचे काम जवळपास निम्म्यावर आले. एरवी पोटात बाळ असताना नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबणारी आणि ओली बाळंतीण असतानाच पुन्हा कामाला जुंपली जाणारी बाई काही आठवडे घरी थांबू शकली. मुलांच्या पोषणातही सुधारणा झाली.

याच अभ्यासात एक कळीची अटही दडलेली आहे. ही घट सर्वाधिक दिसली ती डॉक्टर असलेल्या दवाखान्याजवळ राहणाऱ्या आणि बाळंतपणाच्या सुमारास पैसे हाती आलेल्या कुटुंबांत. दवाखाना दूर असेल, तेथे डॉक्टरच नसेल, तर पैशाने फार काही साधत नाही. दवाखाना जवळ असूनही भाड्याला पैसे नसतील, तर दवाखान्याचा उपयोग नाही. पैसा आणि सेवा या एकमेकींना पर्याय नाहीत, तर पूरक आहेत, हा या संशोधनाचा गाभा.

महाराष्ट्राला हे अनोळखी नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिच्यामुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे आले. तेथे सेवा घरापर्यंत गेली. सियायात पैशाने माणूस सेवेपर्यंत पोहोचला. अंतर दोन्हीकडून कापता येते.

एकरकमी की दरमहा?

केनियातच २०१८ पासून याहून दीर्घ पल्ल्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात २९५ गावे आहेत. ४४ गावांतील प्रौढांना तब्बल १२ वर्षे दरमहा सुमारे साडेबावीस डॉलर देण्याचे ठरले. ८० गावांना तेवढीच मासिक रक्कम दोन वर्षे, तर ७१ गावांना सुमारे ५०० डॉलर एकरकमी देण्यात आले. उरलेली १०० गावे तुलनेसाठी. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी आणि तवनीत सूरी हे या अभ्यासाच्या चमूत आहेत.

पहिल्या दोन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. लोक आळशी झाल्याचे कोणत्याही गटात दिसले नाही. मजुरी सोडून स्वतःचा धंदा करण्याकडे कल वाढला. मात्र एकूण काम कमी झाले नाही. एकरकमी पैसे मिळालेल्या आणि १२ वर्षांची हमी असलेल्या गावांत नवे धंदे अधिक निघाले. केवळ दोन वर्षे दरमहा मदत मिळालेली गावे धंद्याच्या बाबतीत मागे राहिली.

बारा वर्षांच्या गटाने दरमहाच्या तुटपुंज्या रकमेतून भांडवल कसे उभे केले, याचे उत्तर मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. त्यांनी भिशी लावली. दर महिन्याला प्रत्येकाने ठरावीक पैसे काढायचे आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकेकाला द्यायची. पुढची अनेक वर्षे पैसे येणार ही खात्री असल्याने माणसे भिशीत निर्धास्तपणे उतरली. दोन वर्षांनी पैसा थांबणार हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना तेवढी उमेद नव्हती. मदतीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकाच तिचा भरवसाही.

जेथे गणित चुकले

रोख मदतीचा मार्ग निष्कंटक नाही. सियायाच्या शेजारच्या होमा बे जिल्ह्यात संस्थेचे कार्यकर्ते पोहोचले तेव्हा मोठ्या संख्येने कुटुंबांनी पैसे घेण्यास चक्क नकार दिला. कष्टाशिवाय इतकी रक्कम कोणी का देईल, यामागे काही अघोरी प्रकार असावा, अशी अफवा पसरली होती. बाहेरून येणाऱ्या माणसाविषयीचा अविश्वास अनुभवातून आलेला असतो. तो पत्रके वाटून जात नाही.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील दक्षिण किवू प्रांतात याच संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी इतरांशी संगनमत करून लाभार्थ्यांच्या मोबाइल खात्यांतील सुमारे नऊ लाख डॉलर लाटल्याचे २०२३ मध्ये संस्थेनेच जाहीर केले. मध्यस्थ टाळण्यासाठी योजलेल्या व्यवस्थेतही नवा मध्यस्थ शिरू शकतो, हे त्यातून उघड झाले.

इंदूरजवळची आठ गावे

भारतात असा प्रयोग २०११ आणि २०१२ मध्ये मध्य प्रदेशातील इंदूर जिल्ह्यात झाला. ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांतील प्रत्येक माणसाला, गरीब-श्रीमंत असा भेद न करता, दरमहा बिनशर्त पैसे दिले. प्रौढाला २०० आणि मुलाला १०० रुपये. वर्षभरानंतर ही रक्कम ३०० आणि १५० रुपये झाली. मुलांचे पैसे आईच्या नावावर जात. १२ गावे तुलनेसाठी होती. एका आदिवासी गावातही वर्षभर असाच प्रयोग झाला. रेनाना झाबवाला, गाय स्टँडिंग, शरत दवाला आणि सौम्या कपूर मेहता यांनी त्याचा वृत्तान्त पुढे ग्रंथरूपाने मांडला.

रक्कम लहान होती; पण तिने घडवलेले बदल बोलके होते. मुलांचे वजन वयाच्या मानाने सुधारले. शाळेवरील खर्च वाढला. कर्जाचा भार हलका झाला. मजुरीवर जाण्याऐवजी स्वतःच्या शेतात राबण्याकडे अल्पभूधारक वळले. कारण उघड आहे. घरात दाणा नसला की पेरणीच्या ऐन दिवसांतही दुसऱ्याच्या बांधावर जावे लागते आणि आपले शेत मागे पडते. हातात दोन-चारशे रुपये असले की आपल्या शेताला वेळ देता येतो. सावकाराकडून घेतलेल्या उचलीपायी त्याच्याच शेतात राबण्याची वेळही टळते.

आपल्या दारातील प्रश्न

महाराष्ट्रातील अनेक घरांना थेट पैशाचा आता परिचय झाला आहे. केंद्राच्या किसान सन्मान योजनेतून वर्षाला ६ हजार रुपये तीन हप्त्यांत मिळू लागले. २०२३ मध्ये राज्याने त्यात तेवढ्याच रकमेची भर घातली. २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत पात्र स्त्रियांसाठी दरमहा १,५०० रुपयांची मदत सुरू झाली. या योजनांवर राजकीय वाद पुष्कळ झाले. तिजोरीवरील भार, निवडणुकीचे गणित, अपात्र लाभार्थी हे प्रश्न खरेच आहेत. मात्र ‘पैसे उधळले जातील’ या आक्षेपाला जगभरच्या पुराव्याचा फारसा आधार नाही. वाद घालायचाच तर तो अन्य मुद्द्यांवर घालायला हवा.

पहिला मुद्दा पैसा हाती पडण्याचा. खात्यात जमा होणे आणि पदरात पडणे यांत अंतर असते. झारखंडमधील नगडी तालुक्यात २०१७ मध्ये रेशनच्या तांदळाऐवजी खात्यात पैसे देण्याचा प्रयोग झाला. किलोमागे ३१ रुपये ६० पैसे जमा होत. बँकेतून ते काढायचे, त्यात पदरचा एक रुपया घालायचा आणि रेशन दुकानात जाऊन तांदूळ घ्यायचा, असा द्राविडी प्राणायाम लोकांना करावा लागला. बँक, मग ग्राहक सेवा केंद्र, मग दुकान अशा फेऱ्यांत मजुरीचे दिवस बुडू लागले. लोकांच्या विरोधानंतर २०१८ मध्ये हा प्रयोग गुंडाळावा लागला. महाराष्ट्रातही १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये देण्याचे ठरले. धान्याचा भाव वाढला तरी रक्कम तीच राहिली, तर ताटातला घास कमी होतो, हे अशा बदलांत विसरून चालत नाही.

दुसरा मुद्दा भरवशाचा. हप्ता कधी येईल आणि पुढच्या वर्षी येईल का, हे ठाऊक नसेल तर ती रक्कम किराणा आणि उसनवारी भागवण्यात जाते; तिच्यातून शेळी किंवा शिलाई यंत्र उभे राहत नाही. आधार जोडणी, अंगठ्याचा न उमटणारा ठसा, पुन्हा पुन्हा होणारी पडताळणी यांनी हा भरवसा डळमळतो. खऱ्या लाभार्थ्यांची छाननी आवश्यकच आहे. पण तिचा फेरा पायाखाली घालायचा तो गरिबानेच. त्या फेऱ्यात बुडालेला रोज हिशेबात कोठेच धरला जात नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. सियायातील बाळे वाचली, कारण अनेक घरांत पैसा बाळंतपणाच्या सुमारास पोहोचला. आपल्याकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी ५ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. कागदपत्रे जुळवता जुळवता हे पैसे बाळ रांगू लागल्यावर आले, तर आईला ते कामावरून विश्रांती देऊ शकत नाहीत. त्याच पैशांचे मोल सातव्या महिन्यात वेगळे आणि वाढदिवसाला वेगळे.

चौथा आणि सर्वांत कठीण मुद्दा सेवेचा. दरमहा दीड हजार रुपयांनी आरोग्य केंद्रात डॉक्टर येत नाही, शाळेला शिक्षक मिळत नाही आणि धडगाव किंवा मेळघाटातील पाड्याला रस्ता होत नाही. रोख मदतीच्या नावाखाली या खर्चाला कात्री लागली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. तोच पैसा खाजगी दवाखान्याच्या बिलात जाईल आणि कुटुंब होते तेथेच राहील.

गरिबाला पैशाचा उपयोग कळत नाही, ही शंका सियाया आणि इंदूरच्या गावांनी बऱ्याच अंशी निकालात काढली आहे. पत्रा, दळण, भिशी, बाळंतपणाचे भाडे हे त्याचे हिशेब पक्के असतात. पैसा वेळेवर पोहोचतो का, तो पुढेही येत राहील का आणि तो घेऊन माणूस ज्या दवाखान्याच्या पायरीवर जाईल त्याचे दार उघडे असेल का, हे तीन हिशेब मात्र देणाऱ्याने करायचे आहेत.